तुटक रेषेचा रस्ता

आपल्या मंडळाच्या वाचनालयाला एका घरातून दोन ट्रंका भरून जुनी पुस्तके देणगीदाखल मिळाली, ही गोष्ट बहुतेक भगिनींना ठाऊक आहेच. त्या पुस्तकांची नोंद करण्याचे काम आम्हा तिघीचौघींकडे आले. कादंबऱ्या, पाकशास्त्राची पुस्तके, पंचांगे, कुणाच्या तरी शाळेतील भूगोल, असा तो सगळा संसार उपसत असता एका जाडजूड अॅटलासच्या पोटातून घडी घातलेला एक कागद खाली पडला. आम्ही तो उलगडू लागलो, तो तो उलगडतच गेला. शेवटी टेबल अपुरे पडले म्हणून जमिनीवर सतरंजी घालून आम्ही तो पसरला आणि चौघीजणी चार कोपरे धरून बसलो.

तो उत्तर आणि दक्षिण अमेरिकेचा उभा नकाशा होता. घडीच्या दर्शनी पानावर एक ऐटबाज मोटार, तिच्यामागे धूर सोडणारा ज्वालामुखी आणि रस्त्याच्या कडेला डोक्यावर टोपली घेतलेली एक हसतमुख स्त्री अशी चित्रे होती. पेट्रोलच्या पंपावर मोटारवाल्यांस फुकट वाटले जाणारे जे नकाशे असत, त्यांपैकी हा एक. छपाईचे साल कोठेच नाही. वरपासून खालपर्यंत मात्र एक ठळक तांबडी रेघ धावत होती. पार अलास्कातून निघून कॅनडा, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, मेक्सिको, मध्य अमेरिकेतील चिमुकले देश असे करीत ती दक्षिणेत उतरली होती आणि चिली व अर्जेंटिनापर्यंत पोचली होती. तिचे नाव पॅन-अमेरिकन महामार्ग.

आमच्यातील एक भगिनी म्हणाली, "अगबाई, म्हणजे एवढ्या लांब मोटारने जाता येत होतं की काय त्या काळी?" दुसरीने नाकावर चष्मा चढवून खालच्या कोपऱ्यातील खुणांची सूची वाचली. अखंड रेघ म्हणजे बारमाही रस्ता. बारीक दुहेरी रेघ म्हणजे फक्त उन्हाळ्यात चालणारा. आणि तुटक रेघ म्हणजे नियोजित, अर्थात व्हावयाचा. मग आम्ही पुन्हा नकाशाकडे पाहिले. दुरून जी एकसंध तांबडी रेघ वाटली होती, ती जवळून पाहता निम्म्याहून अधिक ठिकाणी तुटकच होती! अक्षरे मोठी, रेघ ठळक, आणि खरी गोष्ट खालच्या कोपऱ्यात बारीक टाइपात. नकाशे छापणाऱ्यांनी खोटे काही लिहिले नव्हते. परंतु मोटारवाला गृहस्थ पेट्रोल भरून घेताना खालचा कोपरा कशाला वाचतो?

त्या दिवसापासून या रस्त्याने मला जी ओढ लावली ती लावलीच. जे मिळाले ते वाचले आणि जे समजले ते येथे मांडते.

प्रथम आमच्या नकाशाचे वय. ते काढण्यास ज्योतिषाची जरूर पडली नाही. त्याच्या रेघाच सांगतात. अलास्काकडे जाणारा रस्ता त्यावर अखंड दाखविला आहे. तो रस्ता महायुद्धाच्या धांदलीत अमेरिकेच्या लष्कराने 1942 साली मार्च ते नोव्हेंबर या काही महिन्यांत रानावनातून, बर्फाचिखलातून काढला. त्यावर राबणारे दहा हजारांहून अधिक सैनिक होते आणि त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश कृष्णवर्णीय होते. म्हणजे नकाशा 1942 नंतरचा. उलट दक्षिण मेक्सिकोतून ग्वाटेमालाच्या सीमेला भिडणारा तुकडा त्यावर तुटक आहे. तो 1950 साली पुरा झाला. त्याच्या आनंदात मेक्सिकोने त्या वर्षी मे महिन्यात देशाच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत मोटारींची शर्यत लावली होती. पुढे पाच वर्षे ती शर्यत चालली आणि इतकी माणसे दगावली की 1954 नंतर ती बंद करावी लागली. असो. तेव्हा आमचा कागद या दोन सालांच्या मधला.

असे नकाशे फुकट वाटण्याची पद्धत त्याहून जुनी. 1913 साली पिट्सबर्ग शहरात एका तेल कंपनीने मोटारी थेट आत आणून पेट्रोल भरता येईल असा पंप उघडला आणि लवकरच गिऱ्हाइकांस रस्त्यांचे नकाशे मोफत देण्यास सुरुवात केली. हेतू उघड होता. माणूस नकाशा पाहील, त्याला जावेसे वाटेल, तो जाईल, आणि गेला की पेट्रोल लागणारच. साखरेचा नमुना देऊन चहाची सवय लावावी तसाच हा प्रकार. पुढे साठ वर्षे असे कोट्यवधी नकाशे वाटले गेले आणि 1973 च्या तेलटंचाईनंतर ही फुकटची चैन आटोपली.

परंतु दोन्ही खंडांना जोडणाऱ्या या रेघेचे मूळ मोटारींच्याही आधीचे आहे. पूर्वी ती रेघ रेल्वेची होती. हिंटन रोवन हेल्पर नावाचे एक अमेरिकन गृहस्थ अर्जेंटिनात वकिलातीच्या नोकरीवर होते. बोटीच्या प्रवासाने ते इतके जेरीस आले की दोन्ही अमेरिकांतून एक आगगाडी धावली पाहिजे, या ध्यासाने त्यांना पछाडले. त्यासाठी त्यांनी पुस्तके काढली, बक्षिसे लावली, गाठीचा सर्व पैसा ओतला. 1889-90 मध्ये वॉशिंग्टनला अमेरिका खंडातील राष्ट्रांची परिषद भरली, तिने ही कल्पना उचलून धरली, पाहणी झाली, सुरेख नकाशेही छापले गेले. रूळ मात्र सलग कधीच पडले नाहीत. निष्कांचन झालेल्या हेल्पर यांनी 1909 साली आत्महत्या केली. कागदावरील रेल्वेचे आम्हा कोकणातल्या माणसांना नवल नाही. आमची गाडी सबंध मार्गावर धावावयास 1998 साल उजाडले. पण आमची आली तरी.

रेल्वे मागे पडली तोवर मोटारी आल्या. 1923 साली चिलीतील सांतियागो येथे भरलेल्या परिषदेत रेल्वेच्या जागी मोटाररस्त्याची गोष्ट निघाली आणि ऑक्टोबर 1925 मध्ये ब्यूनोस आयरेसला खास रस्त्यांसाठीच पहिली परिषद भरली. तिच्या आदल्या वर्षी दक्षिणेकडील देशांचे इंजिनियर व अधिकारी यांना अमेरिकेत आमंत्रण देऊन तेथील गुळगुळीत रस्त्यांवरून मोठ्या थाटाने फिरविण्यात आले होते. या पाहुणचारात मोटारी आणि रस्ते बांधण्याची यंत्रे तयार करणाऱ्यांचा हात होता, हे सांगावयास नकोच. रस्ते झाले तर मोटारी खपणार. बंधुभाव, शांतता, संस्कृतीची देवघेव हे शब्द त्या काळच्या पत्रकांत भरभरून आहेत आणि ते लिहिणारे सगळेच ढोंगी होते असे मला मुळीच वाटत नाही. शेजाऱ्याशी वैर नको म्हणून वाट असावी असे मनापासून मानणारेही त्यांत होते. पण वाट मागणाऱ्यांत दुकानदार पुढे होता एवढे खरे.

पुढे 1930 साली अमेरिकेच्या काँग्रेसने मध्य अमेरिकेतील मार्गाच्या पाहणीसाठी 50,000 डॉलर मंजूर केले. सरकारी रस्तेखात्याचे इंजिनियर तीन वर्षे पनामापासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत डोंगर-दऱ्या पालथ्या घालीत होते. त्यांनी आणलेल्या मोजमापांवरून नकाशांवर रेघ पक्की झाली. आधी जी नुसती हौशी कलाकाराने ओढल्यासारखी दिसे, तिला वळणे आली, गावांची नावे आली. वॉशिंग्टनची पॅन-अमेरिकन युनियन ही संस्था या मार्गाविषयी पुस्तिका व नकाशे प्रसिद्ध करीत असे. वर्षावर्षांचे नकाशे एकापुढे एक ठेवून पाहिले तर तुटक रेघ कशी इंचाइंचाने अखंड होत गेली ते एखाद्या विणकामासारखे दिसते.

या विणकामात मेक्सिकोची गोष्ट मला विशेष आवडली. अमेरिकेने मध्य अमेरिकेतील देशांस पूल बांधून दिले, कर्जे दिली, पुढे 1941 च्या कायद्याने खर्चाचा दोनतृतीयांश भार उचलण्याचे मान्य केले. मेक्सिकोने मात्र सांगितले की, आमच्या हद्दीतील रस्ता आम्ही आमच्या पैशाने बांधू. आणि त्यांनी तो बांधला. सीमेवरील नुएव्हो लारेदो गावापासून राजधानीपर्यंतचा सुमारे 1,200 किलोमीटरचा पहिला मोठा टप्पा जुलै 1936 मध्ये खुला झाला. ज्या शेजाऱ्याने एके काळी आपला अर्धा मुलूख गिळला, त्याचा पैसा घेऊन त्याच्याच मोटारींसाठी वाट करावी, हे त्यांच्या मनाला रुचले नसावे. कोणत्याही मानी घराला हे समजेल.

तुटक रेघेवर विसंबून निघालेले वेडे पीरही होते. ब्राझीलचे तिघे जण 1928 साली दोन जुनाट फोर्ड मोटारी घेऊन रिओहून निघाले. उद्देश हाच की, असा रस्ता होऊ शकतो हे जगाला दाखवावे. जेथे रस्ता नाही तेथे त्यांनी कुदळी-फावड्यांनी वाट केली, सुरुंग लावून खडक फोडले, गावोगाव मदत मागितली. अमेरिकेला पोचून त्यांची मोहीम संपली तेव्हा 1938 साल लागले होते. दहा वर्षे! घरी त्यांची वाट पाहणाऱ्या बायामाणसांचे काय झाले असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. त्याविषयी मात्र कोणी लिहून ठेवलेले मला आढळले नाही.

मग महायुद्ध आले. कॅरिबियन समुद्रात जर्मन पाणबुड्यांनी बोटी बुडविण्यास सुरुवात केली, तेव्हा पनामाच्या कालव्यापर्यंत खुष्कीची वाट असावी असे अमेरिकेला एकाएकी निकडीने वाटू लागले. 1942 मध्ये लष्कराने मध्य अमेरिकेत घाईघाईने काम सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात समुद्राचे भय ओसरताच ते अर्धवट टाकून दिले. आमचा नकाशा ज्या सुमाराचा आहे, त्या सुमारास हे अर्धवट तुकडे पावसात वाहून चालले होते. दर्शनी पानावरील स्त्री तशीच हसते आहे.

मध्य अमेरिकेतील रेघ शेवटी 1963 साली पनामा शहरापर्यंत अखंड झाली. त्याआधी एका वर्षाने, ऑक्टोबर 1962 मध्ये, पनामाच्या कालव्यावर उंच पूल झाला. तोवर तेथे मोटारी फेरीबोटीतून पलीकडे नेत. कोस्टारिकामध्ये हा रस्ता 3,300 मीटरांहून अधिक उंचीवर चढतो. त्या डोंगराचे नावच 'मृत्यूचा डोंगर'. रस्ता होण्यापूर्वी पायी ओलांडणारी माणसे थंडीने तेथे गारठून मरत, म्हणून हे नाव. रस्ता नको होता असे म्हणणाऱ्याने या डोंगराची आठवण ठेवावी. बाळंतीण अडली असता दवाखाना चार दिवसांच्या वाटेवर असणे म्हणजे काय, हे सह्याद्रीच्या कुशीतल्या बायांनाही सांगावे लागत नाही.

आता नकाशाचा खालचा भाग. दक्षिण अमेरिकेत पश्चिम किनाऱ्याने उतरताना ही रेघ पेरू देशातून जाते. पेरू म्हटले की आम्हाला फळच आठवते आणि त्या फळाचे आपल्याकडील नाव त्या देशावरूनच आले असे सांगतात. मिरची, बटाटा, टोमॅटो, सीताफळ, चिकू, काजू ही सगळी माहेरवाशिणी या नकाशावरील मुलखाच्याच. आमच्या कोकणी स्वयंपाकघरातील निम्मा बाजार तिकडून आला, हे सतरंजीवर बसून एकमेकींना दाखविताना आमची दुपार केव्हा सरली ते कळले नाही.

तर या पेरूच्या दक्षिण भागात नाझ्का नावाचे वाळवंट आहे. तेथील जमिनीवर, वरचे काळपट दगडगोटे बाजूस सारून, खालच्या फिकट मातीच्या रेषांनी प्रचंड चित्रे काढलेली आहेत. माकड, कोळी, पक्षी, सरळ रेषा, त्रिकोण. काढणाऱ्यांना जाऊन दीड हजार वर्षे होऊन गेली. पॅन-अमेरिकन महामार्ग तेथून नेला तेव्हा तो एका मोठ्या सरड्याच्या चित्रावरून सरळ आरपार गेला. बांधणाऱ्यांनी मुद्दाम केले असे नाही. जमिनीवर उभे राहून ती चित्रे दिसतच नाहीत, आणि त्यांच्या हातातील नकाशावर तर तेथे नुसता कोरा कागद होता. सरड्याची शेपटी रस्त्याच्या एका बाजूस आणि धड दुसऱ्या बाजूस, असे ते चित्र आजही आहे.

या चित्रांसाठी मारिया रायशे या जर्मन बाईंनी आपले आयुष्य वेचले. ड्रेस्डेनला जन्मलेल्या, गणित शिकलेल्या या बाई 1932 साली मुलांची शिक्षिका म्हणून पेरूमध्ये आल्या आणि 1940 नंतरच्या दशकात नाझ्काच्या वाळवंटात येऊन पोचल्या. शिडी, मोजपट्टी आणि झाडू एवढ्या साधनांनिशी त्या एकट्या उन्हात रेषा झाडीत आणि मोजीत असत. वाळवंट झाडणारी बाई पाहून आसपासचे लोक त्यांना वेडी म्हणत, चेटकीण म्हणत. 1976 साली त्यांनी त्याच महामार्गाच्या कडेला एक लोखंडी मनोरा उभा करविला. येणाऱ्याजाणाऱ्यांनी तेथून चित्रे पाहावीत, त्यांवर गाड्या घालू नयेत, हा हेतू. 1994 साली युनेस्कोने या रेषांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि 1998 साली मारियाबाई वारल्या.

आणि आता ती जागा, जिच्यापायी हा लेख लिहावासा वाटला.

पनामा आणि कोलंबिया या देशांच्या सीमेवर दारिएन नावाचे अरण्य आहे. आमच्या नकाशात तेथे तुटक रेघ आहे आणि भोवताली नुसता फिका हिरवा रंग. गाव नाही, नदीचे नाव नाही, काही नाही. आश्चर्य असे की आजच्या नकाशातही तेथे रस्ता नाही. अलास्कापासून दक्षिण टोकापर्यंत सुमारे तीस हजार किलोमीटरांची ही वाट, आणि मध्ये सुमारे शंभर किलोमीटर नाहीच. इंग्रजी बोलणारे या जागेला दारिएनचे 'खिंडार' म्हणतात, तर स्पॅनिश बोलणारे तिला दारिएनचे 'बूच' म्हणतात. एकाला तेथे काहीतरी नाही असे वाटते आणि दुसऱ्याला तेथे काहीतरी घट्ट बसले आहे असे वाटते. नकाशा छापणारा अर्थातच खिंडार म्हणणाऱ्यांपैकी होता.

परंतु तेथे माणसे होती आणि आहेत. कुना, एम्बेरा, वोनान या मूळ रहिवाशांचे आणि पूर्वी गुलामगिरीतून सुटून रानात शिरलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांचे ते घर. कुना लोकांपैकी पुष्कळ जण जवळच्या किनाऱ्यावर आणि लहान लहान बेटांवर राहतात. त्यांच्या स्त्रिया आपल्या चोळीच्या पुढच्या-मागच्या भागासाठी 'मोला' नावाचे कापडकाम करतात. आपण गोधडीला वरून ठिगळ लावतो. त्या उलट करतात. दोन-तीन रंगांची कापडे एकावर एक ठेवून वरचे कातरतात, कड आत दुमडून बारीक टाक्यांनी शिवतात आणि खालचा रंग नक्षीतून डोकावू देतात. शिवणकाम करणाऱ्या भगिनींनी अवश्य चित्र पाहावे. आपली सुई लाजेल असे काम आहे.

या चोळीसाठी त्यांनी लढाई केली आहे, हे मात्र मला आजवर ठाऊक नव्हते. पनामाच्या सरकारने त्यांना 'सुधारण्याचे' मनावर घेतले होते. बेटांवर पोलीस ठाणी बसली. बायकांनी नाकातली नथ काढावी, पायांतले मण्यांचे पट्टे तोडावेत, मोला टाकून शहरी झगे घालावेत, अशी सक्ती सुरू झाली. फेब्रुवारी 1925 मध्ये कुना लोकांनी उठाव केला, पोलिसांना हुसकावले आणि शेवटी तह होऊन आपले रीतिरिवाज पाळण्याचा हक्क त्यांनी मिळविला. या उठावात दोन्ही बाजूंनी रक्त सांडले. साल पाहा, 1925. त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्यूनोस आयरेसला रस्त्याची पहिली परिषद भरली. फेब्रुवारीत ज्या किनाऱ्यावर नथीसाठी माणसे मेली, त्याच्याच पाठीमागच्या अरण्यातून पुढे नकाशावर तुटक रेघ गेली आणि त्या नकाशात या माणसांचे नावनिशाण नव्हते.

त्या हिरव्या रंगात प्रथम मोटार घालून ती आरपार नेली गेली 1960 साली. महामार्गाच्या दारिएन उपसमितीच्या सहाय्याने निघालेल्या या मोहिमेत एक लँडरोव्हर आणि एक जीप होती. लँडरोव्हरचे नाव 'ला कुकाराचा कारिन्योसा', म्हणजे आपल्या भाषेत 'प्रेमळ झुरळ'! 2 फेब्रुवारीला ती पनामातील चेपो गावाहून निघाली, कारण रस्ता तेव्हा तेथेच संपत होता, आणि 17 जूनला कोलंबियातील किब्दो येथे पोचली. 136 दिवस. सरासरी वेग ताशी सुमारे 200 मीटर. रांगते मूल याहून वेगाने जाते. ओढे-नाले ओलांडण्यास ताडांच्या ओंडक्यांचे पूल करावयाचे, गाडी पलीकडे न्यावयाची, की पुन्हा पुढे तेच.

या प्रवासात अमादो आराउस हे नकाशे काढणारे गृहस्थ होते आणि त्यांची पत्नी रेइना तोरेस दे आराउसही होती. ती मानववंशशास्त्रज्ञ. 1932 साली पनामात जन्मलेली, अर्जेंटिनात जाऊन शिकलेली, वय तेव्हा सत्तावीस. रानात शिरताना ती काही नवखी नव्हती. 1957 साली कुना स्त्रियांवर तिचे पुस्तक निघाले होते. म्हणजे नकाशावर ज्यांचे नाव नाही त्या बायकांच्या घरात बसून, त्यांची बाळंतपणे, लग्ने, कामे, वस्त्रे यांची नोंद तिने आधीच केलेली होती. पती रस्त्यासाठी मोजमाप घेत होता आणि पत्नी त्याच वाटेवरच्या माणसांची मोजदाद करीत होती, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. एका संसारात दोन नकाशे चालले होते. घरी जेवताना त्यांचे काय बोलणे होत असेल?

रस्ता त्यानंतर लगेच होईल असेच सर्वांना वाटत होते. 1970 साली अमेरिकेने दारिएनच्या तुकड्यासाठी 10 कोटी डॉलरपर्यंत मदतीची तरतूद केली. पनामाच्या बाजूने काम पुढे सरकू लागले. आणि ते अडले ते कशाने? दोन गोष्टींनी. एक होती गुरांचा रोग. आपल्याकडील शेतकरी ज्याला लाळ्या-खुरकूत म्हणतो तो रोग दक्षिण अमेरिकेत होता, आणि पनामापासून उत्तरेकडे नव्हता. मधले अरण्य म्हणजे जणू कुंपण. रस्ता झाला तर गुरांबरोबर रोग उत्तरेला जाईल, ही भीती अमेरिकेतील गोपालकांस फार होती. दुसरी गोष्ट, निसर्गरक्षणासाठी झटणाऱ्या सिएरा क्लब या संस्थेने 1975 साली वॉशिंग्टनच्या न्यायालयात दावा लावला. सरकारने रोगाचा आणि त्या अरण्यातील मूळ रहिवाशांवर होणाऱ्या परिणामांचा नीट विचार केलेला नाही, असे म्हणून न्यायाधीशांनी कामाला मनाई केली. अरण्यातल्या माणसांचा उल्लेख त्या कागदपत्रांत झाला खरा. परंतु पारडे गाईगुरांनी जड केले असे मला वाटते, आणि हे वाचून मला थोडी खिन्नता आली.

त्याच 1975 साली रेइनाबाईंचे दारिएनवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. अरण्य, नद्या आणि तेथील लोकांची राहणी यांचा मेळ त्यात आहे. विद्यापीठात शिकविणे, देशाच्या ऐतिहासिक वारशाच्या खात्याचा कारभार, नवी संग्रहालये उभी करणे, एवढा व्याप त्या बाईने सांभाळला. 1982 साली, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, ती गेली. पनामा शहरातील मानववंशशास्त्राच्या संग्रहालयाला आज तिचे नाव आहे. 1980 साली दारिएन राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि 1981 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. पनामाच्या बाजूचा रस्ता याविसा गावाशी नदीकाठी येऊन थांबतो. त्यापुढे होडी किंवा पायवाट.

येथे लेख संपवून 'रान वाचले, माणसे वाचली' असे म्हणता आले असते तर बरे वाटले असते. पण तसे नाही. रस्ता नाही म्हणून माणसे चालावयाची थांबली नाहीत. व्हेनेझुएला, हैती, इक्वेडोर आणि थेट आशिया-आफ्रिकेतील देश सोडून उत्तरेकडे निघालेली कुटुंबे या अरण्यातून पायी जाऊ लागली. पनामा सरकारच्या मोजणीप्रमाणे एकट्या 2023 साली 5 लाख 20 हजारांहून अधिक माणसे या वाटेने गेली. त्यांत कडेवरच्या मुलांसह आया होत्या. वाटेत पुराने, लुटारूंनी, दमणुकीने कितीजण राहिले याची पुरी गणती नाही. त्या गर्दीचा कचरा आणि घाण एम्बेरा लोकांच्या नद्यांत गेली आणि त्याच लोकांपैकी काहींना होडीच्या भाड्याचे उत्पन्नही झाले. नंतरच्या दोन वर्षांत ही संख्या झपाट्याने उतरली. अमेरिकेचे दार बंद झाल्यावर कित्येकजण उलट दक्षिणेकडे परतू लागले.

त्या दुपारी ज्या भगिनीने "जाता येत होतं का?" म्हणून विचारले होते, तिला मी हे सगळे सांगितले. ती बराच वेळ नकाशाच्या त्या अरुंद कमरेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "इथं पेन्सिलीनं त्या लोकांची नावं लिहून ठेवूया का?" जुन्या कागदावर लिहू नये असे आमच्या ग्रंथपालबाईंचे मत पडले, म्हणून एका वेगळ्या चिठ्ठीवर कुना, एम्बेरा, वोनान अशी नावे लिहून ती चिठ्ठी आम्ही घडीत ठेवली आहे. नकाशा वाचनालयाच्या तिसऱ्या कपाटात, वरच्या खणात आहे. घड्यांवर तो विरला आहे, मागून मलमल चिकटवावयाची आहे. तोवर ज्या भगिनींना पाहावयाचा असेल त्यांनी दोघींनी मिळून उलगडावा.